आधी गच्ची, मग एसी : लातूरच्या एका घराचे दोन उन्हाळे

(घरातल्या माणसांची ओळख कळू नये म्हणून नावं आणि काही खुणा गाळल्या आहेत. मोजमापं त्या घरात घेतलेलीच आहेत.)

पार्श्वभूमी

लातूर शहराच्या कडेला, औसा रोडच्या अंगाची वसाहत. दोघंही नवरा-बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यांना या नोंदीत गुरुजी आणि बाई म्हणू. मोठी मुलगी नीटची तयारी करणारी, धाकटा आठवीत, आणि गुरुजींची आई. आईला घरात सगळे माय म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव औसा तालुक्यातलं.

घर २०१४ सालचं. खाली तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, माडीवर दोन खोल्या आणि न्हाणी. वर उघडा स्लॅब. त्यावर कोबा केलेला नव्हता, सिमेंटचा करडा रंग नऊ वर्षांत काळवंडला होता. स्लॅबवर एक काळी टाकी. माडीवरची मोठी खोली दहा बाय बारा फुटांची, तिची एक भिंत आणि चार बाय चारची खिडकी थेट पश्चिमेला. शांतता मिळावी म्हणून मुलीला तीच खोली अभ्यासाला दिली होती.

शीतकरण आणि वातानुकूलन हा माझा शिकवण्याचा विषय. गुरुजींची आणि माझी ओळख जुनी. मार्च २०२३ मध्ये त्यांचा फोन आला तो फक्त वायर कोणती टाकावी हे विचारायला. दोन टनांच्या एसीसाठी दुकानात पाच हजार रुपये आगाऊ देऊन झाले होते.

"दोन टन कशाला?" मी विचारलं.

"वरचा मजला आहे म्हणून दुकानदार म्हणला. पोरगी रातभर तळमळायलीय हो. भिंतीला हात लावला तर चटका बसायलाय."

मी म्हटलं, वायर नंतर बघू, आधी घर बघतो.

अडचण नेमकी कुठं होती

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी तापमान मोजायची बंदूक घेऊन गेलो. दुपारी पावणेतीनला गच्चीचा पृष्ठभाग ६२ अंश होता. संध्याकाळी सातला मुलीच्या खोलीत छताची खालची बाजू ४५ अंश. रात्री नऊला खोलीतली हवा ३८ अंशांच्या वर, आणि त्याच वेळी बाहेर अंगणात ३३. म्हणजे रात्री नऊला घराबाहेर घरापेक्षा पाच अंश थंड होतं. खालच्या मधल्या खोलीत तेव्हा साडेतेहतीस.

या आकड्यांतूनच सगळं कळत होतं. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. ते खालच्या बाजूला उतरायला तीन-चार तास लागतात, आणि मग तो मध्यरात्रीपर्यंत खोलीवर उष्णता सोडत राहतो. पंखा लावला तरी तो तापलेली हवाच फिरवतो. मुलगी म्हणत होती, "काका, पंख्याखाली बसलं की डोकं जास्तच दुखायलंय." तिचं म्हणणं खरं होतं. छत पंचेचाळीस अंशांवर असेल, तर खालच्या माणसाला त्याची धग थेट लागते, हवा कशीही असो.

कूलर होता, तोही मोठा. पण तो खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवलेला, आणि 'गार हवा बाहेर जाऊ नये' म्हणून दार-खिडकी बंद. ही चूक मी शेकडो घरांत पाहिली आहे. कूलर पाणी वाफवून हवा गार करतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीच दमट होते, मग पाणी वाफवायला जागाच उरत नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढेल असा खिडकीत हवा, आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी.

दुसरं दुखणं पाण्याचं. बोअर मार्चमध्येच आटला होता, नळाला आठ दिवसांनी पाणी, बाकी टँकर. कूलर दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पीत होता. लातूरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या वर्षी बाईंनी भांडी घासलेलं पाणी झाडांना घातलं होतं, आणि आजही त्या कूलरच्या टाकीत पाणी ओतताना आधी बादलीकडं बघतात.

समोर कोणते पर्याय होते

गुरुजींच्या मनात एकच पर्याय होता, मोठा एसी. मी एक वही घेतली आणि खोलीत उष्णता कुठून किती येते याचा ढोबळ हिशेब त्यांच्यासमोर मांडला. भर उन्हाच्या वेळी उघड्या स्लॅबमधून साधारण १.३ किलोवॅट, पश्चिमेच्या खिडकीतून पाऊण, पश्चिमेच्या भिंतीतून अर्ध्याच्या आत, आणि माणसं, पंखा, दिवा, फटीतून येणारी हवा मिळून आणखी अर्धा. बेरीज तीन किलोवॅटच्या आसपास. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता उपसायची ताकद. हे माप बर्फाच्या काळातलं आहे : एक अमेरिकी टन (सुमारे ९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी. म्हणजे खोली आहे तशी ठेवली तरी दोन टन लागतच नव्हते. छत आणि खिडकी सावरली तर दोन किलोवॅटवर काम भागणार होतं.

दोन टनांचं जे यंत्र दाखवलं होतं ते तीन स्टारचं, जुन्या साठ्यातलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं जुलै २०२२ पासून स्टारचे निकष कडक केले, म्हणून लेबलवर कोणत्या काळासाठीचे स्टार आहेत हे छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. लेबलवर वर्षाचे युनिटही असतात, ते १,६०० तास वापर धरून काढलेले. तो आकडा दोन यंत्रांसाठी शेजारी ठेवला की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. दोन टनी तीन-स्टारचा आकडा एक टनी पाच-स्टारच्या जवळजवळ अडीच पट होता.

मायनं दुसराच पर्याय काढला. "आमच्या गावाकडल्या घराला कुठं एशी होता? वर माती टाका की." तिचं गावचं घर माळवदाचं, खणांचं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. तसल्या घरात दुपारी बारालाही गारवा असतो हे मी स्वतः अनुभवलं आहे. ती कल्पना टाकून देण्यासारखी नव्हती, म्हणून तिचाही हिशेब केला. अर्धा फूट मातीचं वजन चौरस मीटरला दोनशे चाळीस किलोच्या आसपास, ओली झाली तर अजून जास्त. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्या मानकांप्रमाणे चौरस मीटरला १५० किलोच्या वापरभारासाठी (माणसं-सामानाच्या वजनासाठी) आखतात. शिवाय भूकंपात डोक्यावरचं वजन हाच वैरी.

हे मी बोललो आणि खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना किल्लारीला धरणी हलली, आणि दगड-मातीच्या भिंती नि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. मायचं माहेर त्याच पट्ट्यातलं. तीच म्हणाली, "नको रे बाबा, वजन नको." आपल्या भागातल्या माणसांनी माळवद सोडून स्लॅब आणि पत्रा का धरला, हे बाहेरच्याला कळत नाही. भीतीनं धरला आणि ती भीती रास्त होती. पण त्या बदलात गारवा गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच आणलं नाही. मला या विषयाची कळकळ वाटते ती इथं.

राहिलेले पर्याय असे : गच्चीला पांढरा थर, गच्चीवर उंचावर शेडनेट (सावलीची जाळी), आतून पीओपीचं छत, वर ब्रिकबॅट कोबा (सिमेंटमध्ये बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर), आणि सौर पॅनेल. आतल्या छताला मी नाही म्हटलं, कारण त्यानं धग अडते पण स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि त्यात थर्माकोल भरायची जी पद्धत आहे ती आगीला आमंत्रण. कोबा चांगला, पण वजन आणि खर्च दोन्ही आड आले. सौर पॅनेलचा विचार पुढं ढकलला. तो निर्णय मला आज पटत नाही, त्याबद्दल शेवटी.

पर्यायांत एक राहूनच गेला होता. तो मायनंच दुसऱ्या भेटीत सांगितला : "पोरीला खाली घ्या की मधल्या खोलीत. तिथं गार असतंय." मधल्या खोलीत टीव्ही होता आणि पाहुणे बसायचे. साडेतेहतीस अंश हा आकडा माझ्या वहीत लिहिलेला होता, तरी मला तो पर्याय म्हणून दिसला नाही. यंत्राचा माणूस यंत्रच शोधतो.

काय ठरलं, काय केलं

पहिला निर्णय पैसे न लागणारा. दुपारी बारा ते रात्री दहा मुलगी खाली मधल्या खोलीत अभ्यास करेल, टीव्ही बंद. पाहुणे आले तर ओसरीत. रात्री दहानंतर आणि पहाटे ती वर. धाकट्याची थोडी कुरकुर झाली, पण आठवड्यात ते अंगवळणी पडलं.

दुसरा निर्णय रात्रीच्या हवेचा. लातूर पठारावर आहे, एप्रिलमध्येही पहाट बरीच उतरते. जिन्याच्या टोपीचं दार चोरांच्या भीतीनं कायम बंद होतं. त्याला लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि रात्री लाकडी दार उघडं ठेवायला लावलं. खालच्या खिडक्या उघड्या, जिना उघडा. तापलेली हवा जिन्यातून आपोआप वर निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. सकाळी नऊच्या आत सगळं बंद, पडदे ओढलेले. जुन्या वाड्यांत हेच करायचे.

खिडकीला बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा लावला. आतल्या पडद्यानं ऊन अडतं असं वाटतं, पण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे.

मग गच्ची. आणि इथं माझी चूक झाली. घाई होती, म्हणून मी म्हटलं, चुना आणि डिंक कालवून एका दिवसात उरकू. दोन मजूर आले, झाडून घेतलं आणि दुपारी तीनला हात मारला. साठ अंशांच्या स्लॅबवर चुना पडता पडता सुकला, त्याला धरायला वेळच मिळाला नाही. गच्ची शुभ्र दिसली आणि पहिले चार दिवस पृष्ठभागाचं तापमान खरंच पंधरा अंशांनी उतरलं. आठवड्यानं पायाला भुकटी लागू लागली. मे महिन्यातल्या पहिल्या वळवाच्या सरीत अर्धा चुना पन्हाळीतून वाहून गेला. त्या पन्हाळीचं पाणी बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात जात होतं. बाईंनी वेळेत पाहून पाइप वळवला.

शेडनेटचंही तसंच. कृषी सेवा केंद्रातून पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी आणली आणि एका बाजूनं टाकीच्या पाइपाला बांधली. वळवाच्या वाऱ्यानं जाळी शिडासारखी फुगली आणि पाइपाचा सांधा निखळला. टँकरचं विकत घेतलेलं अख्खं पाणी रात्रीत गेलं. सकाळी गुरुजी मला काही बोलले नाहीत. मलाच वाईट वाटलं. जाळीला स्वतःचे खांब हवे होते आणि वारा जायला मध्ये फट हवी होती.

हे सगळं होईपर्यंत मे निम्मा सरला, आणि एसी घ्यायचा की नाही हा प्रश्न पुन्हा समोर आला. गच्चीचं काम अर्धवट, मुलगी बारावीत जाणार, क्लास सुरूच. ठरलं असं : एसी घ्यायचा, पण पुढच्या वर्षीच्या सुधारलेल्या खोलीच्या मापानं, या वर्षीच्या तापलेल्या खोलीच्या नाही. दुकानदार म्हणाला, "एका टनात भागणार नाही, मग माझ्याकडं येऊ नका." गुरुजी माझ्याकडं बघू लागले. मी वहीतला हिशेब परत दाखवला आणि सांगितलं की यंदा दुपारी चार ते सहा हा एसी खोलीला अठ्ठावीसच्या खाली नेणार नाही, ते मान्य असेल तरच घ्या. मुलगी म्हणाली, "त्या वेळी मी खालीच असते." त्यावर निर्णय झाला. आगाऊ रक्कम वळवून एक टनाचा, पाच स्टारचा इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) एसी आला.

बसवण्याच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. बाहेरचं यंत्र पश्चिमेच्या भिंतीला लावणार होते, पाइप कमी लागतो म्हणून. बाहेरच्या यंत्राला घरातली उष्णता फेकायची असते; त्यालाच दुपारचं ऊन दिलं तर ते धापा टाकतं. उत्तरेच्या भिंतीला हलवलं, पाइप सहा फूट जास्त गेला. वायर आधी माडीच्या गिझरबरोबर एकाच अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर होती. मुख्य बोर्डापासून चारची स्वतंत्र तार ओढली, २० अँपिअरचा वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारी कळ) लावला आणि एसीपुरता छोटा मीटर. अर्थिंगच्या खड्ड्यात बघितलं तर माती भाजल्यासारखी कोरडी. आपल्याकडं उन्हाळ्यात अर्थिंग असंच निकामी होतं, आणि नेमकी तेव्हाच सगळी यंत्रं चालू असतात. आठवड्याला एक बादली सांडपाणी त्या खड्ड्यात, हे काम धाकट्याकडं दिलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गच्ची नीट केली. शेवाळ आणि जुना चुना तारेच्या ब्रशनं घासला, भेगा भरल्या, स्लॅब धुऊन ओलसर ठेवला आणि ऊन कलल्यावर परावर्तक पांढऱ्या रंगाचे दोन हात, मध्ये एक रात्र सोडून. टाकीखालचा चौथरा तेवढा राहिला. टाकीलाही पांढरा रंग दिला. आधी दुपारी नळाला येणारं पाणी हात भाजेल असं असायचं.

कूलर काढला नाही. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम यंत्र आहे. बाहेर ४२ अंश आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या कूलरमधून साधारण २७-२८ अंशांची हवा येते, आणि वीज दोनशे वॅटच्या आसपास. एक लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता शोषतं ती पाऊण युनिटच्या जरा खाली. जूनमध्ये मृग लागला की मात्र तो निरुपयोगी होतो, नुसता चिकचिकाट. म्हणून कूलर खालच्या खोलीच्या खिडकीत, जिथं दिवसभर माय असते, एप्रिल-मेपुरता. रात्री वर एसी.

थंडी आणि गरम पाणी

थंडीबद्दल थोडक्यात, कारण प्रश्न छोटा होता. दुकानदारानं गरम-थंड दोन्ही देणारा एसी सुचवला होता. आपल्याकडं थंडी बोचते ती डिसेंबर-जानेवारीच्या काही आठवड्यांत, तीही पहाटे. दुपारी परत ऊन. खोली गरम करायला यंत्र घेण्याइतकी ती नाही. सांज होताच खिडक्या लावल्या आणि मायला जाड गोधडीबरोबर फरशीवर चटई दिली की भागतं. फक्त तिला एक गोष्ट निक्षून सांगितली : निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणानं न्हाणीत गॅस गिझर लावू दिला नाही. तिथली खिडकी वीतभर होती.

खरा खर्च अंघोळीच्या पाण्याचा. पाच-सहा बादल्या ऊन पाणी म्हणजे रोजचे अडीच-तीन युनिट. २०० लिटरचा सौर बंब घेतला, काचेच्या नळ्यांचा. तांब्याच्या पट्ट्यांचा जास्त टिकतो, पण इथल्या बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या बारीक नळ्या क्षारानं बुजतात. काचेच्या नळ्या वर्षातून एकदा काढून धुता येतात. जुना गिझर ढगाळ दिवसांसाठी ठेवला.

देखभाल, आणि परीक्षेआधीचा आठवडा

मी घरात एक कागद चिकटवून दिला होता. एसीची जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, बाहेरच्या यंत्राची पाती होळीच्या आत एकदा पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं साफ करायची आणि दसऱ्यानंतर सोयाबीनच्या मळणीची धूळ बसली की परत. कूलरचं गवत दरवर्षी नवं, आणि टाकीतलं पाणी चार दिवसांनी पूर्ण बदलायचं. नुसतं वरून ओतत राहिलं की क्षार साठत जातात आणि गवताचं दगड होतं. काढलेलं पाणी झाडांना न घालता फरशी पुसायला.

सगळं एप्रिल २०२४ पर्यंत ठीक चाललं. मग निवडणूक आली. लातूरचं मतदान ७ मे रोजी, गुरुजी आणि बाई दोघांनाही कामगिरी, प्रशिक्षणाच्या फेऱ्या. नीटची परीक्षा ५ मे रोजी. जाळी कोणी धुतली नाही. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, सिमेंटची धूळ उडत होती.

एप्रिलच्या अखेरीस एका रात्री एसी गार करेना, आतल्या यंत्रातून पाणी ठिबकू लागलं. ओळखीच्या मेकॅनिकनं फोनवरच सांगितलं, गॅस गेलाय, भरावा लागेल, दोन हजार आठशे. परीक्षेला पाच दिवस. गुरुजी पैसे द्यायला तयारच होते. बाईंनी मला फोन केला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते.

मी धाकट्याला फोनवर घेतलं आणि पुढचं झाकण उघडून आत काय दिसतंय ते सांग म्हटलं. "काका, बर्फ जमलाय. आणि जाळी दिसंनाच, नुसतं करडं फडकं झालंय." एसी बंद करून फक्त पंखा चालवायला सांगितला, अर्ध्या तासात बर्फ उतरला, जाळी धुतली, लावली. बाराच्या आत खोली गार.

हवा वाहिली नाही की आतली गार नळ्यांची वेटोळी गोठते. गॅस कमी झाला तरीही गोठते, म्हणून दोन्हींत गल्लत होते. पण जाळी बघणं फुकट आहे, ते आधी. आणि हे प्रत्येक घरानं ध्यानात ठेवावं : एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता भरला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच पैसे. दरवर्षी गॅस भरून घेणारी घरं मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल जीव तुटतो.

निष्पत्ती

दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिल २०२४ मध्ये, त्याच वेळांना मोजलं. गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ४५ अंश, आधी ६२ होता. छताची खालची बाजू संध्याकाळी ३८. एसी न लावता रात्री नऊला खोलीतली हवा साडेचौतीस. एसी रात्री दहा ते चार, २६ वर आणि पंखा दोनवर. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ वर येतात, ते हातानं वाढवायचं हे मुलीला सवयीनं जमलं.

एसीच्या वेगळ्या मीटरवर एप्रिल ते जून २९६ युनिट. सगळ्या घराचं सर्वांत मोठं बिल मे महिन्याचं, २६८ युनिटचं. ३०० च्या वर गेलं की दराचा महाग टप्पा लागतो, तो टळला. कूलरचं पाणी निम्म्यावर आलं. पावसाळी दमट दिवसांत एसीतून निथळणारं पाणी बाई बादलीत धरतात आणि फरशी पुसायला घेतात. त्यात क्षार नसतात, डाग पडत नाहीत.

मायला मात्र एसीच्या खोलीत गुडघे धरतात. ती उन्हाळाभर खालीच झोपली, खिडकीत कूलर आणि गवतात थोडा वाळा खोचलेला. तिची झोप लागत होती.

पुन्हा करायचं तर

क्रम बदलला असता. गच्चीचं काम फेब्रुवारीत, माघाच्या उन्हात, म्हणजे रंगाला धरायला वेळ मिळतो. एप्रिलमध्ये अडचण घेऊन कोणी आलं तर मी आता चुन्याची घाई करत नाही. खोली बदला, रात्री जिना उघडा, खिडकीला बाहेरून सावली करा, आणि गच्ची पुढच्या वर्षी.

एसी घ्यायचा निर्णय कदाचित एक वर्ष थांबवता आला असता. गुरुजींना तसं वाटत नाही, आणि परीक्षेचं ओझं ज्यांच्या घरात होतं त्यांचं मत माझ्यापेक्षा वजनदार आहे.

सौर पॅनेल मागं ढकलले ते मात्र चुकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवले तर खालचा स्लॅब सावलीत राहतो, वीज मिळते ती वेगळीच. आधी विचार केला असता तर सौर बंब दक्षिणेची मोक्याची जागा अडवून बसला नसता. आता बंब पूर्वेकडं सरकवायचा, सांगाडा सात फूट उंच घ्यायचा आणि त्याचे पाय स्लॅबला भोकं न पाडता खालच्या खांबांच्या रेषेत उभे करायचे, असं नकाशावर आखून झालं आहे. त्याच वेळी टाकी उतरवावी लागेल, तेव्हा राहिलेल्या चौथऱ्यालाही पांढरा हात मारायचा आहे. जाळीसाठी घेतलेले चार लोखंडी पाइप अजून गच्चीच्या कोपऱ्यात पडून आहेत, ते सांगाड्याला उपयोगी पडतील का हे बघायला मी पुढच्या रविवारी जाणार आहे.